ठणठणीत गावाचा दवाखाना

गाव ठणठणीत होतं, हीच सगळी अडचण होती.

एरवी बारा महिने कोणी ना कोणी खोकत असायचं, कोणाचा तरी पाय मुरगळलेला असायचा. पण सरकारने आणि कंपनीने मिळून नेमका जो आठवडा निवडला, त्या आठवड्यात हवा अशी काही स्वच्छ पडली की अंथरुणाला खिळलेले म्हातारेसुद्धा संध्याकाळी फिरायला निघू लागले. शाळेला सुट्टी होती. शाळेच्या हॉलमधली बाकं भिंतीला सरकवून तिथे दहा लोखंडी खाटा मांडल्या होत्या. खाटेवर पांढरी चादर, उशाशी स्टूल, स्टुलावर पाण्याचा पेला. पहिल्या दिवशी आलेला एकुलता एक रुग्ण म्हणजे बोटात काच गेलेला सुतार. सिस्टरने चिमट्याने काच काढली. सुतार "बरं वाटलं" म्हणाला आणि खाटांकडे ढुंकूनही न बघता कामावर निघून गेला.

दारात खुर्ची टाकून बसलेल्या साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि समोरच्या कागदावर शून्य लिहिलं.

या साहेबांचं काम काय, ते आधी सांगायला हवं. गावाला सरकारी दवाखाना हवा होता आणि सरकारला तो एकट्याने उभा करणं झेपत नव्हतं. म्हणून दवाखाने चालवणाऱ्या एका कंपनीशी भागीदारीचा बेत निघाला. जमीन सरकारची, इमारत कंपनीची, चालवायचं कंपनीने आणि दार सगळ्यांना उघडं. हा बेत कागदावरून जमिनीवर उतरेल का, एवढं तपासून सांगायला साहेब शहरातून आले होते. असलं तपासण्यातच त्यांची हयात गेली होती. त्यांचं म्हणणं असं, की लोकांना काही विचारू नये, मोजावं. 'दवाखाना हवा का?' असं विचारलं तर नको कोण म्हणेल? त्यापेक्षा खाटा मांडा आणि किती भरतात ते बघा. आठवडाभर बहुतेक खाटा भरलेल्या दिसल्या तर कंपनी येईल, नाहीतर दुसरं गाव शोधेल. गावाने दोन दिवसांत त्यांचं नाव मोजणीसाहेब ठेवलं. माणूस वाईट नव्हता. जे मोजता येत नाही ते त्यांना दिसत नसे, इतकंच. आणि हा दोष चष्म्याने जात नाही.

शून्याची बातमी बाईंच्या घरी पोचली.

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चाळिशीच्या आतलं सगळं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा जीप वेळेवर मिळाली होती, ड्रायव्हर चांगला होता, रस्ता कोरडा होता. फक्त दवाखाना डोंगरापलीकडे होता. यजमान वाटेतच गेले. त्यानंतर बाईंनी दवाखान्यासाठी सरकारला इतकी पत्रं पाठवली, की त्यांचं वळणदार अक्षर लिफाफ्यावर दिसलं की कचेरीतले कारकून आपोआप ताठ बसत. ही भागीदारी त्या पत्रांचं फळ होतं, आणि ते फळ आता एका शून्यापायी हातचं जाणार होतं.

संध्याकाळी त्यांनी आपल्या व्हरांड्यात निवडक लोकांना बोलावलं. त्यात न्हावी होता, पाववाला होता आणि बाईंची धाकटी जाऊ होती.

"शून्य," बाई म्हणाल्या. "वर्गात मीसुद्धा कोणाला शून्य दिलं नव्हतं."

"पण बाई, कोणी आजारीच नाही, त्याला आपण काय करणार?" न्हावी म्हणाला.

"आजारी पडायचं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कारण पोटदुखीचं सोंग बाईंच्या राज्यात आजवर एकाही पोराला पचलं नव्हतं. पोरगं पोट धरून उभं राहिलं की बाई पोटाकडे बघायच्याच नाहीत, डोळ्यांकडे बघायच्या, आणि म्हणायच्या, "बस खाली, गणित काढ." त्याच बाई आता सोंगाची शिकवणी घ्यायला बसल्या होत्या. त्यांनाही ते सोपं जात नव्हतं. त्यांचा चेहरा चुकून खडू गिळल्यासारखा झाला होता.

"एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "खोटं दुखतं तेव्हा माणूस फार बोलतो. खरं दुखतं तेव्हा गप्प होतो. म्हणून सगळ्यांनी गप्प पडायचं. तू," त्या न्हाव्याकडे वळल्या, "तुझी मान धरलीय."

"मान धरली तरी बोलता येतं बाई."

"तुला नाही येणार."

न्हाव्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे ही शिक्षा मानेपेक्षा जड होती. पाववाल्याच्या वाट्याला कंबर आली. त्याने पिठाची पोती उचलून उचलून कमावलेला देह बघता ती मोडली असेल यावर कोणाचा विश्वास बसणं कठीण होतं. पण आडवा झाल्यावर माणसाची ताकद दिसत नाही, असं बाईंचं म्हणणं पडलं.

"तुला चक्कर," त्या जावेला म्हणाल्या.

"मला नाही हं खोटं जमायचं जाऊबाई."

"खोटं काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि घरचं सगळं?"

"घरचं भाऊजी बघतील."

जावेने जरा विचार केला. मग पदर सावरत ती म्हणाली, "गावासाठी एवढं करायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ खाटा भरल्या, दुपारी दहा. कंपनीने पाठवलेला तरुण डॉक्टर रोज सकाळी डोंगरापलीकडून यायचा आणि फेरी मारून परत जायचा. खाट मागेल त्याला नाही म्हणू नका, असं त्याला कंपनीचं सांगणं होतं. कंपनीला भरलेल्या खाटा दाखवायच्या होत्या, गावालाही दाखवायच्या होत्या. तेव्हा डॉक्टर फारसा खोलात शिरला नाही. प्रत्येकाच्या उशाशी त्याने 'निरीक्षणाखाली' असं लिहून टाकलं.

मोजणीसाहेबांनी कागदावर दहा लिहिले. दहाच्या आकड्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. काल शून्य आणि आज दहा, असं त्यांच्या नोकरीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून घोडं पेंड खायला लागलं. आजारी पडणं हे गावकार्य आहे म्हटल्यावर ज्याला त्याला त्यात वाटा हवा झाला. शिंपी रुसला, की पाववाल्याला मानाची कंबर आणि मला नुसती खाज का? बाईंना पाळ्या लावाव्या लागल्या. शेजारच्या वर्गात टेबल टाकून त्या बसत आणि कोणी कधी बरं व्हायचं, कोणी कधी आजारी पडायचं ते ठरवत. फक्त जाऊ पाळी सोडायला तयार नव्हती. लग्न झाल्यापासून ती दुपारी आडवी झाली नव्हती. आता तिच्या गालांवर लाली आली होती, आणि नवरा डबा घेऊन आला की ती डोळे मिटूनच सांगायची, "आमटीत मीठ कमी पडलंय. उद्या बघा."

न्हावी दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला ते अनावर झालं. पण बोलायला बंदी म्हणून त्याने हाताला काम दिलं. साहेब हॉलमध्ये शिरले तेव्हा मान तिरकी ठेवून तो शेजारच्या खाटेवरच्या पाववाल्याची दाढी करत होता.

"मानेला त्रास होत नाही?" साहेबांनी विचारलं.

"होतो ना साहेब," न्हावी कळवळून म्हणाला. "पण हाताला होत नाही."

साहेब दारातल्या खुर्चीत परत जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांच्या कोपराचा धक्का लागून औषधांचा पत्र्याचा ट्रे फरशीवर दणकन आपटला. धक्का लागला की त्यांनी लावला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. दहाच्या दहा माना गर्रकन दाराकडे वळल्या, आणि त्यातली सगळ्यात आधी वळलेली मान न्हाव्याची होती. मग आठवण झाल्यावर ती कण्हत कण्हत जागेवर गेली.

हे कळल्यावर बाईंनी संध्याकाळी सगळ्यांना तंबी दिली.

"साहेबांना वास लागलाय. आता ते परीक्षा घेणार. काहीही होवो, छप्पर कोसळो, खाटेवरून कोणी उठायचं नाही. आता थोडेच दिवस राहिलेत. एकजण उठला तरी दवाखाना गेला, समजलं?"

"समजलं बाई," सगळे एका सुरात म्हणाले.

शेवटच्या दिवशी दुपारी साहेब खुर्चीतून उठले. आदल्या दिवसापासून त्यांच्या बेंबीपाशी दुखत होतं, पण ते दुखणं किती हे सांगता येत नसल्यामुळे त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता ते उजवीकडे खाली सरकलं होतं आणि लक्ष द्या म्हणत होतं. ते भिंतीला धरत हॉलमध्ये आले.

"सिस्टर, जरा आडवं व्हायला..."

"अहो, खाटच रिकामी नाहीये साहेब."

साहेबांनी न्हाव्याकडे बघितलं. "जरा उठता का? थोडा वेळ."

न्हाव्याने शेजारी डोळा मारला. आली परीक्षा! "मान हलत नाही हो साहेब."

"तुम्ही?"

"कंबर," पाववाला छताकडे बघत म्हणाला.

जावेने तर डोळेच उघडले नाहीत. "कोण आहे? मी कुठे आहे?" एवढंच ती पुटपुटली आणि कुशीवर वळली.

साहेब भिंतीला टेकून फरशीवर बसले. कपाळावरून घाम निथळत होता. सिस्टरने त्यांच्या पोटाला हात लावला, तसा त्यांनी श्वास रोखला. तिचा चेहरा पांढरा पडला. "अरे, उठा ना कोणीतरी!" ती ओरडली.

कोणी हललं नाही. दहाजण अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत होते, आणि खरं सांगायचं तर कौतुकाने बघत होते.

"सिस्टरलापण सामील करून घेतलंय," न्हावी ओठ न हलवता म्हणाला.

"पण सोंग काय आणलंय बघ," पाववाला कुजबुजला. "घामसुद्धा!"

"शहरातला माणूस तो. आपल्याला थोडंच जमणार आहे."

त्यांना दोष तरी कसा द्यावा? बाईंची आज्ञा त्यांनी उभ्या जन्मात पहिल्यांदाच इतकी मनापासून पाळली होती, आणि नेमकी तीच वेळ ती मोडायची होती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. सोंगं आणता आणता समोरचं खरं ओळखायची नजर जाते, हे मात्र कोणी सांगत नाही.

सिस्टर धावत शेजारच्या वर्गात गेली आणि बाईंना हाताला धरून घेऊन आली. बाई साहेबांसमोर गुडघे टेकून बसल्या.

"कुठे दुखतंय?"

साहेबांनी उत्तर दिलं नाही. बाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. आयुष्यभर त्यांनी पोरांच्या डोळ्यांत लबाडी शोधली होती आणि दर वेळी ती सापडली होती. या डोळ्यांत शोधायला काही नव्हतं.

"हे खरं आहे," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा तो जुना आवाज हॉलभर घुमला. "उठा!"

वर्ग एका झटक्यात उभा राहिला. पाववाल्याने साहेबांना पोत्यासारखं, पण पोत्यापेक्षा हळू, उचलून आपल्या खाटेवर ठेवलं आणि खाटेची पुढची बाजू एकट्याने पेलली. न्हाव्याने मागची धरली आणि मान चारी बाजूंनी फिरवत वाट मोकळी करू लागला. "बाजूला व्हा! साहेबांना खरोखरचं दुखतंय, बाजूला व्हा!" इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बोलणं त्याने त्या एका फाटकापर्यंतच्या वाटेत काढलं. जाऊ साडी खोचून सगळ्यांच्या पुढे धावली आणि तिने जीपवाल्याला जेवणावरून उठवलं. खाटेवर पडल्या पडल्या साहेब हे सगळं बघत होते.

जीपच्या मागच्या बाकावर बाई साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. याच जीपमध्ये, याच बाकावर त्या एकदा बसल्या होत्या. त्यांना फार भीती वाटत होती. वळणं तीच होती, ड्रायव्हरही तोच होता, आणि आरशातून तो एकदाही मागे बघत नव्हता.

"बाई," वाटेत साहेब कसेबसे म्हणाले, "त्यांची कंबर..."

"बरी झाली. बोलू नका."

"सगळेच बरे झाले?"

"सगळेच. एकदम."

साहेबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अजून किती?"

"मोजू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने पुसला.

शस्त्रक्रिया वेळेत झाली. अगदी काठावरची वेळ होती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बाई बाहेरच्या बाकड्यावर बसून होत्या. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या, आणि हे रडणं कोणासाठी होतं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

गावात मात्र सुतकी कळा पसरली. साहेब वाचले याचा आनंद सगळ्यांनाच होता. पण साहेबांनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. मोडकी कंबर खाट उचलते आणि चक्कर आलेली बाई पळत सुटते, हे बघितल्यावर दवाखाना कुठला? पाववाला न्हाव्याला बोल लावत होता, न्हावी शिंप्याला. बाईंनी कोणालाच बोल लावला नाही. साहेबांचे टाके काढायच्या दिवशी त्या डोंगर ओलांडून त्यांना भेटायला गेल्या आणि खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"बसा ना बाई."

"नको. आधी सांगते मग बसते. गावाची चूक नाही. सोंग मी शिकवलं. तुम्हाला खाट मिळाली नाही, तीही माझ्यामुळे. तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर..." त्यांनी पदर घट्ट धरला. "शून्य द्यायचं तर मला द्या. त्यांना नको."

साहेब उशीला टेकून जरा उठून बसले.

"मला दुसऱ्या दिवसापासूनच शंका होती," ते म्हणाले. "पण अहवालात लिहायचं काय, तेच कळत नव्हतं. खाटा भरलेल्या होत्या, हे खरं. आजारी कोणी नव्हतं, हेही खरं. मग इथे पडल्या पडल्या वाटलं, आठवडाभर मी भरलेल्या खाटा मोजत बसलो. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला कुठली हवी होती?"

"रिकामी," बाई म्हणाल्या.

"रिकामी. आणि ती मी मोजलीच नव्हती. शून्य लिहून मोकळा झालो होतो."

"पण कंपनीला भरलेली लागते ना?"

"लागणारच. तिचं पोट त्यावर आहे. म्हणूनच रिकामीचं सरकारने बघायचं. नाहीतर भागीदारी कशाला म्हणायची?" साहेबांनी उशी सरळ केली. "बसा आता. पाय दुखतील, आणि तुमचे खरोखरचे दुखतील."

अहवालात त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. दहाही खाटा व्यापलेल्या असल्यामुळे तातडीच्या एका रुग्णाला खाट मिळू शकली नाही, हे मूल्यमापकाने स्वतः अनुभवलं आहे, असं त्यात होतं. खाटा व्यापणाऱ्यांच्या प्रकृतीबद्दल, सर्वजण वेळेवर बरे झाले, एवढाच उल्लेख होता. भागीदारी शक्य आहे. मात्र एक खाट कायम रिकामी ठेवावी आणि तिचा भार सरकारने उचलावा, अशी अट होती. रिकाम्या खाटेचा भार म्हणजे नेमकं काय, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. कंपनीचे लोक हसले, सरकारी लोक चिडले आणि साहेब प्रत्येक बैठकीत सदरा वर करून टाक्यांची खूण दाखवायला तयार असत. शेवटी, ती बघावी लागू नये म्हणून असेल, सगळ्यांनी सह्या केल्या.

दवाखाना उभा राहिला. रिकामी खाट दाराजवळ होती. ती खरोखर रिकामी आहे यावर रोज नजर ठेवायला गावातलं कोणीतरी विश्वासू माणूस हवं, असं करारात होतं. ते काम बाईंकडे आलं. उद्घाटनाला बडे पाहुणे आले. सगळीकडे फिरून दमल्यावर ते त्या खाटेवर टेकले आणि फोटोवाल्याने कॅमेरा उचलला.

"तिथे बसू नका," बाई म्हणाल्या.

"फोटोपुरतं हो, बाई. कोणाची खाट आहे ही?"

"माहीत नाही. तो अजून यायचाय."

पाहुण्यांना हसावं की रागवावं ते कळेना. शेवटी ते उठले. बाईंनी चादरीवरची सुरकुती हाताने काढली आणि त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या.

तो तिसऱ्याच दिवशी आला. लाकडाच्या वखारीतला माणूस होता, ओंडका पायावर पडलेला. त्याला खांद्यावर घेऊन आलेले दोघे जीपसाठी ओरडत होते. जीपची गरजच पडली नाही. त्याला दारातून थेट खाटेवर घेतलं, आणि नाव विचारायच्या आधी सिस्टरने रक्त थांबवलं. तो एक शब्द बोलत नव्हता. बाईंनी त्याच्या डोळ्यांत बघितलं, त्याचा हात क्षणभर हातात धरला आणि त्या बाजूला झाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण थांबायला वेळ नव्हता.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "आत कोण बरं झालंय ते बघा. एक खाट रिकामी करायचीय."